खिळ्यावरचा बिल्ला

फिलिमोन स्कुर्तूला कुणी विचारलं की बाबा, तुझं काम काय, तर तो म्हणायचा, "छताला डब्या लावतो." त्या डब्या काय करतात हे विचारणारा चिकट माणूस भेटलाच, तर तो आणखी एक वाक्य खर्च करायचा. "कोण कुठे आहे ते सांगतात." एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत वायरमन म्हणून काढलेल्या आणि खाण बंद पडल्यावर शिडीवर चढायला लागलेल्या माणसाकडून याहून जास्त बोलण्याची अपेक्षा करणंच चूक. त्याच्या घरात बोलायचं खातं बायकोकडे, वेताकडे होतं. वेताला जाऊन आज एकोणचाळीस दिवस झाले होते.

क्लुज शहरातल्या कंपनीच्या साहेबाने दफनाच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. "फिलिमोन, महिनाभर सुट्टी घे. वृद्धाश्रमाचं काम दुसऱ्याला देतो."

"सुट्टीत काय करू?" फिलिमोनने विचारलं. काम त्याच्याकडेच राहिलं.

हा वृद्धाश्रम गावातलाच, निवृत्त खाणकामगार आणि त्यांच्या विधवांचा. वेता तिथे एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. गेल्या हिवाळ्यात तिथले दोन म्हातारे बर्फात घरच्या चपला घालून चालते झाले होते. एक स्टेशनवर सापडला, दुसरा सापडायला दोन दिवस लागले. तेव्हा ठरलं की प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटा बिल्ला घालायचा, बिनतारी, रुपयाएवढा, आणि खोलीखोलीत छताला डबी बसवायची. बिल्ला दर दोन सेकंदांनी हळूच बोलतो, डबी ऐकते, आणि ऑफिसातल्या पडद्यावर ठिपका दिसतो.

ऐकायला सोपं आहे. पण डबी लावणं म्हणजे दोन स्क्रू पिळून मोकळं होणं नव्हे. प्रत्येक डबीला नंबर द्यायचा, नंबराला खोली जोडायची, मग तिचे कान किती तीक्ष्ण ठेवायचे ते ठरवायचं. जास्त ठेवले तर अकरा नंबरची डबी भिंतीपलीकडच्या बारा नंबरवाल्यालाही आपलाच म्हणते. कमी ठेवले तर खोलीतला माणूस कुशीवर वळला की पडद्यावरून गायब. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, आणि पाणी तो आवाज पिऊन टाकतं. म्हणून स्वतःच्या गळ्यात बिल्ला अडकवून खोलीत फिरायचं, भिंतीकडे तोंड करायचं, पाठ करायची, पलंगावर आडवं व्हायचं, आणि पुन्हा शिडीवर चढून डबी हातभर सरकवायची. हे सगळं फिलिमोन नीट करायचा. तो सगळंच नीट करत होता, त्या महिन्यात.

लोक म्हणत, धक्का आहे, उतरेल हळूहळू. त्याला धक्काबिक्का काही वाटत नव्हता. काहीच वाटत नव्हतं, हीच तर गोष्ट होती. एकदा ड्रिल घसरून अंगठ्यात घुसलं, तर त्याने रक्त पँटला पुसलं आणि पुढचं भोक पाडलं. मुख्य परिचारिका दोम्निकाबाईंनी जिन्यावर पडलेले थेंब पाहून त्याला शोधून काढलं आणि पट्टी बांधता बांधता चांगलं फैलावर घेतलं. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. अंगठा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्यांच्या हातात होता.

पहिल्या आठवड्यात काम चोख झालं आणि दुसऱ्यात सगळं ढासळलं. एका दुपारी दोम्निकाबाई पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"फिलिमोन, तुझी मशीन म्हणते सगळे पुरुष फाटकापाशी उभे आहेत. बावीसच्या बावीस."

"मग असतील."

"असतील काय? मला इथवर त्यांचं घोरणं ऐकू येतंय."

फाटकाच्या आतल्या अंगाला ओसरी होती आणि ओसरीत बाकावर नेआ तुदोसे, म्हणजे आपल्या भाषेत तुदोसेदादा. वय वर्षं एक्क्याऐंशी. खाणीच्या दिवेखोलीत त्याने जन्म काढला होता. खाणीत उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, आणि कोण उतरलं कोण वर आलं ते बिल्ल्यांवरून पाहायचं, हे त्याचं काम. तेव्हाचे बिल्ले पितळी. उतरताना बिल्ला खाणकामगाराबरोबर जायचा, वर आला की दिवेखोलीतल्या फळीवर आपापल्या खिळ्याला लागायचा. शिफ्ट संपल्यावर एखादा खिळा रिकामा दिसला, की माणूस अजून आत आहे, भोंगा वाजवा. खाणकामगाराच्या बायकोला नवऱ्याचा चेहरा नंतर दिसायचा, आधी ती खिळा बघायची.

तर या नेआ तुदोसेने आश्रमाच्या सुताराकडून फळी मागून आणली होती, तिला बावीस खिळे मारले होते, आणि जेवण झालं की सगळे म्हातारे शिस्तीत रांगेने येऊन गळ्यातला बिल्ला काढून आपापल्या खिळ्याला अडकवून झोपायला जात होते. शिफ्ट संपली.

"नेआ तुदोसे, हे काय चालवलंय?" फिलिमोनने विचारलं. "बिल्ला गळ्यात राहायला हवा. झोपताना, आंघोळीला, कायम."

"कायम? म्हणजे माणूस कायम खाली?"

"खाली-वर असं काही नाही इथे. माणूस कुठे आहे ते कळण्यासाठी आहे ते."

"तेच तर. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस सुखरूप. मला कळलं, तुला कळलं. ती तुझी छतावरची डबी मंद आहे त्याला मी काय करू?"

आतून कुणीतरी खोकत हसलं. फिलिमोनने फळी काढली, दुसऱ्या दिवशी ती परत लागलेली होती. चार वेळा काढली, चार वेळा लागली. पाचव्यांदा त्याने नाद सोडला.

आता पाण्याचं सांगायला हवं, कारण फिलिमोनच्या त्या महिन्यात डब्यांपेक्षा पाणी महत्त्वाचं होतं. ओल्तेनिया प्रांताकडची माणसं खाणींच्या या खोऱ्यात येऊन पिढ्या झाल्या, पण मेलेल्या माणसाचं पाणी त्यांनी सोडलं नाही. चाळीस दिवस, रोज सकाळी, ठरलेल्या एकाच घरी झऱ्याचं पाणी पोचवायचं. देताना मेलेल्याचं नाव घ्यायचं, घेणाऱ्याने 'बोगदाप्रोस्ते', देव त्याला क्षमा करो, असं म्हणायचं, म्हणजे ते पाणी तिकडे पोचतं. दर दिवसाला हेझलच्या झाडाच्या काठीवर सुरीने एक खूण करायची. चाळिसाव्या दिवशी नदीवर जाऊन साक्षीदारांसमोर हिशोब सांगायचा आणि काठी पाण्यात सोडून द्यायची. हे काम खरं म्हणजे मुलीबाळींचं. पण गल्लीतल्या मुली इटलीत तिकडच्या म्हाताऱ्यांची उस्तवार करत होत्या, आणि इथले म्हातारे डब्यांच्या भरवशावर. म्हणून फिलिमोनने सुरई स्वतःच्या हातात घेतली.

घर कुठलं, तर वृद्धाश्रमाची अकरा नंबरची खोली. तिथे तांती सुल्ताना, म्हणजे सुल्तानामावशी राहायची, जिने वेताबरोबर त्याच स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं बटाटे सोलले होते. रोज सकाळी सातला फिलिमोन मातीची सुरई छातीशी धरून टेकडीवरच्या झऱ्याकडून यायचा, अकरामध्ये जायचा, "वेतासाठी" म्हणायचा, तिचा पेला भरायचा, उरलेलं तिच्या तांब्यात ओतायचा, बाहेर येऊन काठीवर खूण करायचा आणि शिडी उचलायचा.

त्याचा या सगळ्यावर विश्वास होता का? विचारलं असतं तर खांदे उडवले असते. पण वेताच्या आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते, पाण्याचा थेंब नाही, फक्त ओठ ओले करा. ती तीन दिवस पाणी मागत होती. आधी रागाने मागितलं, मग लाडीगोडीने, मग नुसतं ओठांनी. फिलिमोन कापसाचा बोळा फिरवत राहिला. एकतीस वर्षं खाणीत नियम पाळून जिवंत राहिलेला माणूस, त्याने हाही नियम पाळला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली आणि पलंगाशेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुणाची पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती. ही बाटली त्याला दिसायची. बाकी काही दिसायचं नाही, रडू यायचं नाही, भूक लागायची नाही. फक्त ती बाटली.

म्हणून चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस चालणार नव्हते.

तर एकोणचाळिसाव्या दिवशी, शनिवारी, तांती सुल्तानाला पाणी देऊन तो ओसरीत आला, खूण केली, आणि उद्या नदीवर जायचं म्हणून पहिल्यांदाच सगळ्या खुणा मोजल्या. अडतीस भरल्या. त्याने नखाने एकेक चाचपत पुन्हा मोजल्या. अडतीसच.

पहिल्या आठवड्याची काळजी नव्हती, तेव्हा मेहुणी घरात होती आणि तिने रोज काठी तपासली होती. पुढचा महिना मात्र नुसता धूर होता. एखादा दिवस गेलाच नाही की गेला आणि खूण करायची राहिली? त्याला एकाही सकाळचा चेहरा आठवेना. तो तांती सुल्तानाकडे परत गेला.

"तांती सुल्ताना, मी रोज आलो ना? एकही दिवस चुकलो नाही ना?"

"रोज रे बाळा. तू रोज येतोस. पेत्राखेसुद्धा रोज येतो."

पेत्राखे तिचा नवरा. त्याला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

"पेत्राखे कधी आला होता?"

"आत्ताच गेला की. तुला दारात भेटला नाही?"

साक्षीदार गेला. मग फिलिमोनच्या डोक्यात आलं की साक्षीदार तर छताला लावलाय. स्वतःचा चाचणीचा बिल्ला त्याने आठव्या दिवशी गळ्यात घातला होता, आणि तेव्हापासूनची प्रत्येक हालचाल ऑफिसातल्या संगणकात लिहिलेली होती. सोमवारी काम सोपवायच्या आधी चाचणीच्या सगळ्या नोंदी पुसायच्या होत्या. आज शनिवार. त्याने खुर्ची ओढली, आपला नंबर टाकला आणि अकरा नंबरची खोली निवडली.

आठवा दिवस, सात वाजून चार मिनिटं. नववा, सात वाजून एक. दहावा, सहा अठ्ठावन्न. मशीनचं असं चांगलं असतं, तिला दुःख नसल्यामुळे ती विसरत नाही. तो बोट लावून एकेक दिवस उतरत गेला आणि तेविसाव्या दिवसापाशी, एका गुरुवारी, बोट थांबलं. अकरा नंबरमध्ये नोंद नाही. त्या दिवशीचा बिल्ला सकाळी सात वाजून सहा मिनिटांपासून दुपारी सव्वातीनपर्यंत एकाच जागी होता. फाटकाची ओसरी.

म्हणजे त्याने तो खिळ्याला अडकवला होता. ज्या गोष्टीसाठी त्याने चार वेळा फळी काढली, तीच गोष्ट त्याने स्वतः केली होती, आणि त्याला ते आठवतही नव्हतं. जुन्या खाणकामगाराचा हात, फळी दिसली की आपोआप वर जातो. मशीनने बिल्ला कुठे होता ते अगदी खरं सांगितलं होतं. माणूस कुठे होता ते ती सांगू शकत नव्हती.

नेआ तुदोसे बाकावर पावाचा तुकडा कांद्याबरोबर खात बसला होता.

"नेआ तुदोसे, मागे एका गुरुवारी मी बिल्ला इथे लावला होता?"

"सुल्तानाला गाडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तो गुरुवार."

फिलिमोन त्याच्याशेजारी बसला. "म्हणजे खोली रिकामी होती."

"रिकामी. तू दारापर्यंत गेलास आणि आत पाऊल न टाकता भरलेली सुरई घेऊन परत आलास. तिसऱ्या मजल्यावरून आल्यासारखा धापा टाकत होतास, आणि खोली तर तळमजल्यावर. बिल्ला काढलास, लावलास, इथे बसलास. सुरई मांडीवर."

"मग?"

"मग बसलास. आठ वाजले, दहा वाजले. दोम्निका दोनदा येऊन गेली, मी तिला हाताने जा म्हटलं. अकराच्या सुमाराला तू बोलायला लागलास."

"काय बोललो?"

म्हाताऱ्याने कांदा सावकाश चावला. "तूच म्हणाला होतास, नेआ, हे मला परत सांगू नका."

"आता सांगा."

"वेताने पाणी मागितलं ते सांगितलंस. तीन दिवसांचं. कापसाचं. बाटलीचं. रडलास तर असा, की आतले दोघं बाहेर आले बघायला. मी इतकी वर्षं दिवेखोलीत काढली, मला पुरुष रडताना नवीन नाही. पण तू सुरई सोडेनास. तिच्यातलं पाणी नुसतं हिंदकळत होतं."

फिलिमोन आपल्या हातांकडे पाहत होता. हे सगळं या हातांनी केलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. रडू आपल्याला येतच नाही अशी त्याची महिनाभर समजूत होती, आणि ते तर येऊन, रडून, निघून गेलं होतं.

"आणि पाणी?" त्याने विचारलं. "ओतून दिलं?"

"ओततो कशाला? मी म्हटलं, आण इकडे. तू म्हणालास, हे अकरा नंबरचं आहे. मी म्हटलं, अकरा नंबरवाली डोळे तपासतेय, आणि मी इथे तहानलेला बसलोय. नाव घे. तू नाव घेतलंस, आणि मी प्यायलो. अख्खी सुरई. बोगदाप्रोस्ते म्हटलं. नंतर सात वेळा धावलो, तुझ्या डबीला विचार, तिने मोजलं असेल."

"मी खूण नाही केली."

"नाही केलीस. म्हणालास, चुकीचा माणूस प्यायला, हे धरायचं नाही."

"मग अडतीसच."

नेआ तुदोसेने पाव बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच चिडला. "हे बघ. खाण माझी, खिळा रिकामा, शिफ्ट संपलेली. माणूस दिसत नाही. मी काय लगेच मेला म्हणून लिहितो? मी पलीकडच्या दिवेखोलीत फोन करतो. ते म्हणतात, आमच्या लिफ्टच्या पाळण्यातून वर आला, इथे चहा पितोय. तर तो वर आला की नाही? ज्या तोंडाने आत गेला त्याच तोंडाने यायला हवा असं कुठे आहे? पाणी झऱ्याचं होतं का? होतं. नाव तिचं घेतलं का? घेतलं. छप्पर एकच का? एकच. आण ती काठी."

फिलिमोनने काठी दिली, सुरी दिली. म्हाताऱ्याने केलेली खूण तिरकी आणि नको इतकी खोल बसली. एकोणचाळीस.

सोमवारची वाट न पाहता फिलिमोनने तेव्हाच शेवटचं काम केलं. उरलेली एक डबी त्याने ओसरीत, बरोबर फळीच्या वर लावली, तिचे कान इतके मंद ठेवले की फळीपलीकडचं तिला काही ऐकू जाऊ नये, आणि नकाशात त्या जागेला नाव दिलं, 'वर आले'. दोम्निकाबाईंना सांगितलं, "जेवणानंतर सगळे इथे दिसले तर घाबरू नका, पलंगात आहेत. एखाद्याचा बिल्ला इथेही नाही आणि खोलीतही नाही, तरच भोंगा वाजेल."

"म्हणजे म्हातारेच जिंकले," दोम्निकाबाई म्हणाल्या.

"ते ऐकणार नव्हते. डबीला शिकवणं सोपं."

रविवारी सकाळी त्याने चाळिसावं पाणी दिलं, चाळिसावी खूण केली, आणि चौघं जिऊ नदीवर गेले. तांती सुल्ताना चाकांच्या खुर्चीत, तिला ढकलणाऱ्या दोम्निकाबाई, काठी टेकत नेआ तुदोसे, आणि फिलिमोन. कोलिवाचं, म्हणजे मेलेल्याच्या नावाने शिजवलेल्या गोड गव्हाचं ताट दोम्निकाबाईंनी केलं होतं, साखरेवर अक्रोडांचा क्रूस. खाण बंद झाल्यापासून नदीचं पाणी स्वच्छ वाहतं, तळाचे गोटे दिसत होते. त्याने पाटावर मेणबत्ती लावून पाट पाण्यात सोडला.

"चाळीस पाणी आणली," त्याने म्हटलं. "वेतासाठी. साक्षी कोण?"

"मी," तांती सुल्ताना म्हणाली. "रोज आला."

"साक्षी कोण?"

"मी," दोम्निकाबाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा तो नेआ तुदोसेकडे वळला. "साक्षी कोण?"

नेआ तुदोसेने डोक्यावरची टोपी काढली. दिवेखोलीच्या खिडकीबाहेर थांबलेल्या बायकांना तो ज्या आवाजात सांगायचा, त्याच मोठ्या, सपाट आवाजात तो म्हणाला, "वेता स्कुर्तू वर आली. बिल्ला खिळ्यावर. घरी जा."

फिलिमोन काठी सोडायला गुडघ्यांवर बसला. काठी गेली, तिरक्या खुणेसकट, आणि त्याचे हात मनगटापर्यंत प्रवाहात तसेच राहिले.

"पाणी गार आहे," तो म्हणाला.

"ऑक्टोबर आहे," तांती सुल्ताना म्हणाली, "गार असणारच."

त्याने ओंजळ भरली आणि तो प्यायला. मग पुन्हा भरली. तिसऱ्या ओंजळीला तो रडायला लागला, आणि या वेळी आपण रडतोय हे त्याला कळत होतं.